दीडशे घरांची कडी

माझं पहिलं ई-पत्र किशनराव पवारांनी मला हातात परत आणून दिलं. गेलं होतं फोनवरून, आलं कागदावर छापून, आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा. मी दारात बसून ब्लाउजला हुक लावत होते. त्यांनी चपला काढल्या, कागद पुढे केला आणि म्हणाले, "अक्का, हे एक पत्र नाही, तीन आहेत. वेगवेगळी पाठवा."

मला राग आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली तेवढीच. साठी उलटल्यावर फोनवर बोटानं अक्षरं जुळवायला शिकले होते आणि हे पत्र लिहायला माझी अख्खी दुपार गेली होती. मी विचारलं, त्यात चूक काय? तेव्हा ते उंबऱ्यापाशी बसले आणि दाखवू लागले. वर एका बाईंनी विचारलेल्या जुन्या चोळीच्या कापाचं उत्तर होतं. त्याखाली माझ्या भाच्यासाठी मुलगी बघा, असं होतं. त्याखाली देवाचं चित्र, अकरा जणांना पाठवा म्हणून सांगणारं.

"एका पाकिटावर तीन पत्ते घातले तर पोस्टमननं जायचं कुठं?" ते म्हणाले. "चोळीचं आज सोडतो. भाच्याचं वेगळं लिहा. तिसरं मात्र सोडणार नाही."

मैसूरमधल्या नजरबादच्या आमच्या गल्लीत माझ्यापासून तिसरं घर त्यांचं. वीस वर्षं येता-जाता मान हलवण्याइतकी ओळख होती. नीट बोलणं झालं ते त्या दिवशी, भांडणानं.

किशनराव रेल्वेच्या टपालात सॉर्टर होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि पाकीट त्या त्या गावाच्या खणात टाकायचं. निवृत्त झाले, दोन वर्षांनी बायको गेली, मूलबाळ नव्हतं. मग कुणाकडून तरी संगणक शिकून त्यांनी हे ई-पत्रांचं मंडळ काढलं. त्याला ते टपालच म्हणत. म्हणून आम्हीही टपालच म्हणू लागलो.

ज्यांना असलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टपालाचा एकच पत्ता असतो. त्या पत्त्यावर तुम्ही पत्र पाठवलं की ते आधी किशनरावांकडे जातं, त्यांनी वाचून सोडलं की मंडळातल्या सगळ्यांना पोचतं. आम्ही दीडशे जण होतो. सगळे मैसूरच्या जुन्या मराठी घरांतले. कुणा पणजोबाच्या पणजोबानं इथं फौजेत चाकरी केली आणि आम्ही इथलेच झालो. मराठी घरात राहिली, तीही अर्धी कन्नड. मुलं बेंगळूरला, अमेरिकेला, कुठं कुठं गेली आणि त्यांच्या मुलांना 'पाणी दे' पलीकडे येईना. टपालावर लोक विचारायचे, आपल्याकडे लग्नात हे का करतात, आजी अमुक वस्तूला काय म्हणायची, त्या घराण्याचे आता कोण आहेत. आणि ज्याला ठाऊक असेल तो सांगायचा.

किशनरावांचे नियम होते. नव्या माणसाला ते पाठवत. मला त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिले, कारण फोनवर वाचायचा मला कंटाळा. पत्राच्या माथ्यावर विषय असा लिहायचा, की आत काय आहे ते उघडण्याआधी कळावं. खाली नाव आणि गाव लिहायचं, बिननावाचं पत्र सुटणार नाही. उत्तर देताना समोरच्याचं अख्खं पत्र पुन्हा जोडायचं नाही, लागेल तेवढी ओळ घ्यायची. नव्यानं आलेल्यानं महिनाभर नुसतं वाचायचं. यावर त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर आपण थेट स्वैपाकघरात शिरतो का?

आणि काहीही लिहिण्याआधी एक गोष्ट आठवायची. "तुमचं एक पत्र म्हणजे दीडशे घरांची कडी," ते म्हणत. "कुणी पोळी लाटत असेल, कुणी आजाऱ्यापाशी बसलं असेल. सुम्ने वाजवायची नाही." सुम्ने म्हणजे उगाच. हा शब्द ते दिवसातून दहा वेळा वापरत. मराठी जपायला निघालेला माणूस, पण त्याच्या तोंडी निम्मं कन्नड असायचं आणि त्याची त्याला लाज नव्हती.

रागात किंवा दुःखात लिहिलेलं पत्र रात्रभर झाकून ठेवायचं आणि मग पाठवायचं, हा नियम मी मोडायला गेले होते. बेंगळूरच्या एका गृहस्थानं लिहिलं, की नजरबादच्या बायकांना शिवणातलं काही कळत नाही, चोळीचा खरा काप बेंगळूरच्या घरांत राहिलाय. मी त्याला उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते इथं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव दारात. "इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, अक्का. राग रात्रीत बसतो. बसला का?" मी म्हटलं, बसला नाही, सोडा. मला वाटलं होतं ते अडवतील. पण त्यांनी ते जसंच्या तसं सोडलं. मग दोन दिवस त्या गृहस्थाची उत्तरं आली आणि तिसऱ्या दिवशी मलाच वाटलं, हे कशाला लिहिलं मी? मी किशनरावांना विचारलं, अडवलं का नाही? ते म्हणाले, "मी पत्ता बघणारा माणूस. आतलं ज्याचं त्यानं बघावं."

आतलं त्यांनी एकदाच बघितलं. बन्नूरची रूपा म्हणून एक मुलगी टपालात आली. शाळेत शिकवते, कन्नडच. महिनाभर वाचून तिनं पहिलं पत्र लिहिलं, आपल्या आजीच्या ओव्यांबद्दल. मराठी मोडकंतोडकं, मध्ये कन्नड, पण ओवी अशी सांगितलेली की मी दोनदा वाचली. त्यावर हिनकलच्या निखिलनं उत्तर लिहिलं. निखिल पुण्याकडून नोकरीला आलेला, आमच्यातल्याच एका घरात लग्न करून टपालात शिरलेला. त्यानं रूपाच्या पत्रातल्या चुका क्रमांक घालून लिहिल्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं की हे मराठी नव्हे.

किशनरावांनी ते पत्र सोडलं नाही. छापलं, घडी केली आणि रविवारी मला म्हणाले, हिनकलला चला माझ्यासोबत. एकटा गेलो तर तो समजेल भांडायला आलो. मी म्हटलं, आणि मी आले तर काय समजेल? म्हणाले, "तुम्ही आलात तर त्याची बायको कॉफी करील." आम्ही बसनं गेलो. तिनं कॉफी केली. किशनरावांनी कागद टेबलावर ठेवला.

निखिल म्हणाला, "काका, चूक दाखवायचीच नाही का?"

"दाखवा की. तिला एकटीला दाखवा. पण तिनं ओवी सांगितली, तिचं काय? त्याचं उत्तर कुठाय?"

निखिलनं कागद उलटा करून ठेवला.

"आमच्या टपालात मोडकं चालतं," किशनराव म्हणाले. "उसनं चालत नाही. तुम्ही परवा तो विनोद पाठवलात, दहा जणांकडून फिरून आलेला, तो मी टाकून दिला. या पोरीचं मोडकं आहे, पण तिच्या घरचं आहे."

निखिल आधी लाजला, मग हसला. दोन दिवसांनी त्यानं टपालावर लिहिलं, की माझ्या आजोळी ही ओवी थोडी वेगळी म्हणत, आणि खाली ती लिहिली. पहिलं पत्र काय होतं ते रूपाला कधीच कळलं नाही. आता हे वाचून कळेल.

आता त्यांच्या शेवटच्या नियमाबद्दल सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय. नुसतं 'छान', नुसतं 'धन्यवाद', नुसतं 'माझंही तेच', असं पत्र टपालात सुटत नसे. "कडी वाजवायची, दार उघडायला लावायचं, 'होय' म्हणायचं आणि निघून जायचं. हे काय टपाल झालं?" असं ते म्हणत. एखाद्यानं तुमच्या मनातलं लिहिलं असेल तर तुम्ही पुन्हा लिहायचं नाही. "एकानं सांगितलं की सांगून झालं."

पण ती अडवलेली पत्रं ते फेकून देत नसत. माझं चोळीचं पत्र सुटल्यावर चार दिवसांनी संध्याकाळी फिरून येताना ते माझ्या दारात थांबले. "अक्का, तुमच्या पत्राला सात जण छान म्हणालेत. टपालात सोडलं नाही. तोंडी सांगतो." आणि त्यांनी सातही नावं गावासकट म्हणून दाखवली. मी म्हटलं, एवढं चालत यायचं त्यापेक्षा पाठवून द्यायचं. तर म्हणाले, "हे तुम्हाला सांगायचं होतं. दीडशे घरांना नाही." जे लांब राहात त्यांना ते साधं पोस्टकार्ड टाकत. अमेरिकेतल्या एका पोराला पोस्टकार्ड पाठवायला त्यांनी किती खटपट केली ते मी बघितलंय. कुणाचं कौतुक त्यांनी स्वतःपाशी ठेवून घेतलं नाही.

असं बरीच वर्षं चाललं. मग त्यांचे डोळे बिघडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि एकात आणखी काहीतरी, म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. किशनराव भिंग धरून पडद्यावरची पत्रं वाचत. एकेक पत्र सोडायला अर्धा तास. पत्रंही कमी झाली होती. लोकांच्या फोनवर दुसरे गट आले होते, तिथं झटकन लिहिता येई, विषय लागत नसे, नाव-गाव लागत नसे.

एक दिवस त्यांचंच पत्र आलं. माथ्यावर विषय होता, 'टपाल बंद करण्याबद्दल'. लिहिलं होतं की डोळे साथ देत नाहीत. मंडळींना टपाल हवं असेल तर मी कसंही करून चालवीन, कुणाला तरी शिकवीन. नको असेल तर महिनाअखेर बंद करतो. ज्याचं जे मत असेल ते त्यानं लिहावं. खाली नाव, गाव.

रूपानं नियमाप्रमाणे एक रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं. ते पत्र माझ्याकडे आहे. "बंद नको करा. मी घरात मराठी बोललं तर माझा तम्मा हसतो. इथे कोणी हसत नाही. मला दुसरी जागा नाही." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. एवढंच पत्र, आणि त्याला कुठं बोट लावायला जागा नव्हती.

मी ते वाचलं आणि फोनवर लिहिलं, 'माझंही तेच.' मग पुसलं. एकानं सांगितलं की सांगून झालं. पुसताना मला बरंही वाटलं, की एवढ्या वर्षांत आपण काहीतरी शिकलो.

पंधरा दिवसांनी किशनराव माझ्याकडे आले. सणाचे दिवस होते, माझ्यापुढे ब्लाउजांचा ढीग पडला होता. ते नेहमीच्या जागी उंबऱ्यापाशी बसले. खिशातून भिंग काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "अक्का, एकच आलं."

"रूपाचं ना? वाचलं मी."

"पंधरा दिवसांत एकच."

"एकानं सांगितलं की सांगून झालं," मी म्हणाले. "नियम तुमचाच."

ते हसले. माझाच, म्हणाले. मग विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

मला विचारलं होतं. तोंडी, माझ्या दारात. दीडशे घरांची कडी वाजायचा प्रश्न नव्हता. पण माझ्या हातातला हुक वाकडा बसत होता आणि मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भरीला घालू नये. मी मान वर न करता म्हणाले, "डोळे तुमचे, किशनराव. तुमचं तुम्ही ठरवा."

"आयतु," म्हणाले. म्हणजे झालं. उठले आणि गेले.

महिनाअखेरीला शेवटचं पत्र आलं. एक पत्र आलं, त्याबद्दल रूपाचा आभारी आहे. एकासाठी दीडशे घरांची कडी वाजवणं बरं नाही, टपाल बंद करतो. कुणावर राग नाही. नाव, गाव. त्यानंतर तो पत्ताच बंद झाला.

पुढं दोन महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. नवा चष्मा लावून ते मला दाखवायला आले. माझ्या टेबलावर हुकांचं पाकीट होतं, त्यावरची बारीक अक्षरं त्यांनी मोठ्यानं वाचली, कंपनीच्या पत्त्यासकट. दोऱ्याच्या रिळावरचं वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचल्या. वाचायला आणखी काही सापडेना तेव्हा थांबले. "आता सगळं स्पष्ट दिसतं, अक्का," म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, की मग टपाल सुरू करा. ते माझ्या तोंडाशी होतं. पण मला वाटलं, माणसाला स्वतःला हवं असेल तर तो स्वतः बोलेल.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते गेले. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, दार उघडलं नाही. टपाल बंद केलं म्हणून गेले असं मी म्हणणार नाही. वय झालं होतं, छातीचं दुखणं होतं. पण शेवटचे पाच महिने त्यांचे कसे गेले ते मी तीन घरांवरून बघितलंय. सकाळी अंघोळ करून संगणकापुढे बसायचे आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन दारात उभे राहायचे.

तेराव्याला त्यांच्या पुतण्यानं जेवण ठेवलं. मला वाटलं गल्लीतली चार माणसं येतील. पन्नासावर आली. मी कधी न पाहिलेली, पण नाव आणि गाव सांगितलं की प्रत्येकाचं पत्र मला आठवत होतं. बेंगळूरचा तो चोळीवाला गृहस्थही आला होता, काठी टेकत. हिनकलहून निखिल आला, बायकोला घेऊन. बन्नूरच्या बसनं रूपा आली.

रूपानं मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, सगळ्यांना नको होतं काय?"

मी सांगायच्या आधी निखिलच म्हणाला, "मी लिहिलं होतं. मग तुझं पत्र पाहिलं आणि पुसलं. तेच तर लिहिलं होतं तू." चोळीवाला म्हणाला, मीही पुसलं. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, मीही. पानं मांडली होती आणि त्या ओळीत एकेक जण हेच सांगत गेला. लिहिलं होतं, पुसलं. त्यांना आवडणार नाही म्हणून पुसलं. कुणी म्हणालं, त्यांना विश्रांती हवी असेल असं वाटलं. पण पुसलं सगळ्यांनी. नियम इतका छान पाळलेला मी कधी बघितला नाही. रूपा तशीच उभी राहून ऐकत होती आणि किशनरावांचा फोटो भिंतीवर होता.

निखिलनं आता फोनवर नवा गट केलाय. मी त्यात आहे. रोज सकाळी तीस जण फुलांची चित्रं पाठवतात आणि बाकीचे त्याला छान म्हणतात. माझा फोन दिवसभर वाजतो. मी आवाज बंद करून ठेवलाय.

मी त्या नियमाला दोष देत नाही. टपालासाठी तो बरोबरच होता. पण लोकांचं छान ज्याच्या त्याच्या दारात नेऊन सांगायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं, आणि त्यांचं त्यांना सांगायची वेळ आली तेव्हा ते काम माझं होतं. दुसरं कोण इतकं जवळ होतं? बन्नूरच्या मुलीला दोन बसगाड्या लागतात, बेंगळूरच्या म्हाताऱ्याला काठी लागते. मला फक्त सुई खाली ठेवून वर बघायचं होतं.

त्यांनी लिहून दिलेला नियमांचा कागद शिवणयंत्राच्या खणात आहे. हे मी लिहिलंय ते त्यातल्या एकाही नियमात बसत नाही. विषय एक धरून सुरुवात केली आणि चार झाले. रात्रभर झाकून ठेवलं नाही. आणि शेवटी जे सांगायचं आहे ते रूपानं आधीच सांगून झालंय. तरी सांगते.

बंद नको होतं करायला, किशनराव. माझंही तेच होतं.

सुंदराबाई, नजरबाद.